बिनकारणाची सुट्टी

आधीच ओरडून सांगते, म्हणजे मागे भिंतीला टेकून पेंगणाऱ्यालाही ऐकू जाईल. यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो. दातांचीही शपथ घेतली असती, पण ते विकत आणलेले, त्यांच्या शपथेला काय किंमत.

तर एक गाद्या-उशांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. कारखाना कसला, एक लांबोळकी खोली. तिच्यात कापूस असा उडायचा की चहात कापूस, भुवयांत कापूस, आणि घरातलं मांजर तर इतकं माखलेलं की एका गिऱ्हाइकाने ते उचललं, दाबून पाहिलं आणि भाव विचारला. मांजर बिचारं गप्प. त्यालाही उत्सुकता असणार आपली किंमत काय लागते त्याची.

दुकान सासूबाईंचं. पण सासूबाई त्या फक्त वर. जिन्याची खालची पायरी उतरली की त्या मालकीणबाई. पोटचा मुलगाही खाली ‘मालकीणबाई’ म्हणायचा आणि वर गेल्यावर ‘आई, भूक लागली’ म्हणायचा. या मुलाचं काम काय, तर तयार झालेल्या गादीवर लोळून ती कुठे टोचते का, कुठे खचते का ते सांगायचं. म्हणून गल्लीत त्याचं नाव पडलं लोळ्या. नावं ठेवणाऱ्यांना काय जातंय. एक गादी नीट पारखायची तर अर्धा तास लोळावं लागतं, आणि पाठीचं पार धिरडं होतं, करून बघा. तिसरे कापूसकाका. हे बाहेरचे, पगारी. उशा भरायचे. त्यांना दाढी होती की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कापूसच इतका होता.

आणि चौथी ती. लोळ्याची बायको, सासूबाईंची सून.

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, बघू गं तुझा हात. तिने एक अभ्रा शिवून दाखवला. शिवण अशी सरळ की मुंगीने त्यावरून चालायला लागावं आणि कंटाळून झोपून जावं. झालं. त्या दिवसापासून ती मशीनवर बसली ती बसलीच.

पगाराचं विचारायची सोय नव्हती. ‘घरचीच ना तू, घरच्याला कसला पगार?’ हे वाक्य त्या घरात मिठासारखं होतं, सगळ्यात पडायचं. पैसे गल्ल्यात. लागतील तेव्हा मागायचे, आणि मागताना कारण सांगायचं. केसांच्या पिना हव्यात? मागच्या कुठे गेल्या, खाल्ल्यास? चप्पल हवी? दिवसभर बसूनच तर असतेस, तळवे झिजतात तरी कसे?

सुट्टीचंही तेच. सुट्टी मागितली की आधी कारण, मग कारणाची उलटतपासणी. ताप आहे? कपाळ इकडे कर. कुणी गेलं? मामा? सख्खा की चुलत? सूनबाई काही कमी नव्हती. माहेरचा एकुलता एक मामा तिने चार वर्षांत दोनदा मारला आणि दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आणून सुट्टी मिळवली. तिसऱ्यांदा मारणार तेवढ्यात मामा स्वतःच दुकानात आला, ठणठणीत, उशी घ्यायला. सासूबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाल्या, बसा, दमला असाल, फार लांबून आलात. त्यानंतर सूनबाईच्या सुट्टीचं खातं कायमचं बंद झालं.

मामा मारून ती जायची कुठे, ते मला विचारू नका. एकदा झोपली होती म्हणे मैत्रिणीकडे, सकाळपासून दुपारपर्यंत, तिने दिलेल्या उशीवर. उशी त्यांच्याच दुकानातली निघाली. आपलीच शिवण ओळखून तिला पुन्हा झोपच लागेना.

आता सासूबाईंची एक खोड सांगते, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. फोनवर हवं तेवढं ऐकून झालं की त्या फोन ठेवून द्यायच्या. ‘बरं’ नाही, ‘येते’ नाही, ‘अच्छा’ नाही. बोलण्याचे पैसे मिनिटावर पडायचे त्या काळातली सवय. मिनिटं स्वस्त झाली, सवय महागच राहिली. एका नातेवाइकाने फोनवर लग्नाचं आमंत्रण दिलं, तर त्यांनी ‘लग्न’ एवढं ऐकून फोन ठेवला, आणि तारीख न कळल्यामुळे आठवडाभर रोज नवी साडी नेसून तयार बसल्या.

त्यांची मुलगी, म्हणजे सूनबाईची नणंद, कामगारांच्या नियमांचं बघतात अशा एका ऑफिसात होती. एके दिवशी सकाळी तिचा फोन आला. ती आईला सांगायला लागली की नवे नियम निघतायत. दुकानात काम करणारी माणसं घरची असली तरी ती कामगारच धरायची. त्यांना ठरल्या तारखेला पगार, हातात, आणि सोबत चिठ्ठी, काय दिलं आणि काय कापलं त्याची. आठवड्याला अर्धा दिवस भरपगारी सुट्टी, आणि सुट्टीचं कारण मालकाने विचारायचं नाही. पगाराला उशीर झाला किंवा कारण विचारलं तर मालकाला दंड.

‘दंड’ हा शब्द ऐकला आणि सासूबाईंनी फोन ठेवला.

तिकडे नणंद मेलेल्या फोनला सांगत राहिली की आई, हे अजून फक्त प्रस्तावित आहे, लोकांची मतं मागवलीयत, लगेच काही करू नकोस. फोनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

सासूबाई पुराला भिणाऱ्या नव्हत्या. चोराला भिणाऱ्या नव्हत्या, एकदा चोरालाच त्यांनी गादी विकली होती, हप्त्यांवर. पण दंड म्हटलं की त्या गल्ल्याला दुसरं कुलूप लावायच्या. त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं, पायरीवर उभ्या राहिल्या आणि नियम सांगितले, घसा खाकरून, एखादं दुखणं सांगावं तसे. कापूसकाकांनी हातातली उशी खाली ठेवली. लोळ्या गादीवरून उठून बसला, जे कामाच्या वेळात तो कधी करत नसे. सूनबाईने एवढंच विचारलं, कारण सांगायचंच नाही?

‘मी विचारायचं नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तू आपणहून सांगितलंस तर मी काही कानांत बोळे घालणार नाही.’

पहिला पगार झाला. पाकिटात पैसे आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर सासूबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: कपात काही नाही, उलट उत्तरांबद्दल कापायला हवं होतं पण तसा नियम सापडला नाही. सूनबाईने पैसे मोजलेसुद्धा नाहीत. पाकीट नुसतं या हातातून त्या हातात करत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पिना कशाला हव्यात ते कुणाला सांगायचं नव्हतं, आणि गंमत म्हणजे तिला पिना नकोच होत्या.

मग सुट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येकाचा वार वेगळा. लोळ्याची अडचण अशी की कामावर लोळायचं, तर सुट्टीत काय करायचं? तो उभा राहायला लागला. दुपारभर दाराशी नुसता उभा, चेहऱ्यावर समाधान. कापूसकाका सुट्टीच्या दिवशी जास्तच लवकर यायचे, पुढच्या बाजूने, गिऱ्हाईक म्हणून, आणि उशांना नावं ठेवायचे. भरणी सैल आहे म्हणायचे. भरणी त्यांचीच.

आणि सूनबाई. पहिल्या सुट्टीला ती चप्पल घालून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर जाऊन थांबली. जायचं कुठे? पायांना एकच रस्ता पाठ, दोऱ्याच्या दुकानाचा, ते तिकडे वळलेसुद्धा. तिने त्यांना ओढून दुसरीकडे नेलं. पाण्याच्या टाकीच्या मागे एक बाग होती, बागेत तळं, तळ्याकाठी बाक. ती बाकावर बसली.

सुरुवातीला हात काही ऐकेनात. मांडीवर कापड नाही तरी बोटं शिवण सरकवत राहिली, पाय मशीनची पायपट्टी हलवत राहिला. तळ्यातली बदकं तिच्याकडे बघायला लागली. हळूहळू पाय थांबला, मग बोटं थांबली. पाण्यावर वारा आला की बारीक सुरकुत्या पडायच्या आणि वारा गेला की कुणी इस्त्री फिरवावी तशा मोडायच्या. तिने ते बघितलं. पुन्हा बघितलं. कुणी विचारलं नाही काय बघतेस. ऊन बाकाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं, तशी ती उठली आणि घरी आली.

एवढंच. दर आठवड्याला एवढंच. आणि तिला मनातून भीती होती ती या ‘एवढंच’चीच. ताप सांगता येतो. मेलेला मामा सांगता येतो, एकदोनदा तरी. पण ‘मी जाऊन नुसती बसते’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नुसतं बसायला कोण सोडतं कुणाला? कळलं तर सासूबाई म्हणणार, बसायचंच आहे तर मशीनवर बस की. त्यात चूक तरी काय काढणार? तेव्हा तिची ती अर्धी दुपार त्या एका नियमावर टांगलेली होती. विचारायचं नाही.

इकडे सासूबाईंना अन्न गोड लागेना. सून जाते कुठे? परत येते तेव्हा चेहरा कसा धुतल्यासारखा दिसतो? पहिल्यांदा त्यांनी आडून आडून हवा कशी होती ते विचारलं. हवा छान होती म्हणाली. दुसऱ्यांदा तिच्या चपलांचे तळवे उलटे करून पाहिले. चिखल होता, पण चिखलाला काय, कुठलाही असतो. तिसऱ्यांदा त्यांनी तिला जिन्याच्या वर गाठलं.

‘हे बघ, मी मालकीण म्हणून विचारत नाही. सासू म्हणून विचारते.’

‘आई, सुट्टी मला मालकीणबाईंनी दिली,’ सूनबाई म्हणाली. ‘सासूला कशी सांगू? त्यांना राग नाही का यायचा?’

सासूबाईंनी यावर बराच विचार केला. मालकीणबाईंना राग आला असता, हे त्यांना स्वतःला पटलं.

आणि मग एका संध्याकाळी सूनबाईच्या खांद्यावर त्यांना एक पीस सापडलं. पांढरं, मऊ, बोटभर. सासूबाईंनी ते पटकन मुठीत लपवलं. कारण पुलापलीकडे एक दुकान होतं, नवं, काचेच्या दारांचं, आणि तिथे उशा कापसाच्या नव्हत्या, पिसांच्या होत्या. झालं, उलगडा झाला. पोरगी पिसंवाल्याकडे जाते. आज अर्धी दुपार जाते, उद्या पूर्ण जाईल, आणि अशी शिवण काही झाडाला लागत नाही. बरं, विचारायची चोरी. विचारलं की दंड.

पीस त्यांनी टाचणीच्या डबीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोड वागायला लागल्या. हे सगळ्यांत भयंकर. मशीनवर चहा आणून द्यायला लागल्या. मशीनला स्वतः तेल घातलं. खिडकीजवळची, हातांची खुर्ची, जिच्यावर आजवर त्यांच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं, ती सूनबाईला दिली. लोळ्या बायकोला हळूच म्हणाला, ‘तू काय केलंयस? आई तुला घाबरतेय.’ सूनबाईला काही कळेना. चहा मात्र ती पीत राहिली. येतोय त्याला नाही कशाला म्हणा.

असं छान चाललेलं असताना नणंद आली.

दुपारची वेळ. ती दारात शिरली तर भाऊ खांबासारखा उभा. काय रे दादा, शिक्षा झालीय का, तिने विचारलं. त्याने सांगितलं, सुट्टी आहे. मग तिला मशीनजवळ पगाराची चिठ्ठी दिसली, सूनबाईने टाचून ठेवलेली. तिने ती वाचली, हसू दाबलं, मग दाबेना. आणि खुर्चीत बसून तिने सगळ्यांना सांगितलं की हे नियम अजून लागूच झालेले नाहीत. प्रस्ताव आहे. बरेच मालक विरोधात आहेत, मतं मागवलीयत, उद्या होतील, पुढल्या वर्षी होतील, कदाचित व्हायचेही नाहीत. मी फोनवर सांगत होते की, ती म्हणाली. कापूसकाका म्हणाले, कुणाला?

 सूनबाईची मशीन चालूच राहिली, पण सुईखालचं कापड केव्हाच संपलं होतं. सुई नुसती वरखाली, वरखाली. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने चाकावर हात ठेवला.

सासूबाई सावकाश पायरीवर बसल्या. ‘म्हणजे,’ त्या म्हणाल्या, ‘मला आता विचारता येतं.’

‘येतं,’ नणंद म्हणाली, ‘पण आई—’

आई मुलीचं पूर्ण कधी ऐकायची का? त्यांनी डबी उघडली, पीस काढलं आणि सुनेसमोर धरलं. कुठे जातेस?

सूनबाईकडे मामा होता. मैत्रीण होती, दातदुखी होती, हवी तर शंभर कारणं तिने तिथल्या तिथे शिवून दिली असती. पण इतके आठवडे कुणी कारण न मागता ती जात होती आणि तिला त्याची सवय लागली होती. चांगली सवय मोडणं वाईट सवयीपेक्षा अवघड.

‘तळ्यावर जाते,’ ती म्हणाली. ‘बाकावर बसते.’

‘कुणाबरोबर?’

‘एकटी.’

‘आणि काय करतेस?’

‘काही नाही.’

‘पीस?’

‘बदकाचं असेल.’

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, पिसाकडे बघितलं. त्यांना ती पिसंवाल्याकडे जाते हे कळलं असतं तर राग आला असता, पण समजलं असतं. हे समजेनाच. ‘अगं, खोटं बोलायचं तर जरा जीव ओतून बोल,’ त्या म्हणाल्या. ‘मामा मारायचीस तेव्हा किती छान बोलायचीस. चल. दाखव मला.’

आणि त्यांनी दुकान बंद केलं. भर दुपारी, कामाच्या दिवशी. ते शटर दिवसा कधी खाली आलेलंच नव्हतं, ते असं किंचाळलं की गल्लीतले सगळे बाहेर आले. कोण गेलं म्हणून विचारायला लागले. कापूसकाकांनी सांगितलं, अजून कुणी नाही, दोघी आता निघाल्यायत.

तळ्यावर सासूबाईंनी बाक आधी तळव्याने दाबून पाहिला. टणक आहे, म्हणाल्या. बसल्या. बदकांकडे बघून म्हणाल्या, भरणी बरी आहे. मग म्हणाल्या, आता? सूनबाई म्हणाली, आता काही नाही. पुन्हा आता? पुन्हा काही नाही. सासूबाईंच्या बोटांनी निऱ्या मोजल्या, बाकाचे खिळे मोजले, हवेत दोन उशा भरल्या. त्यांच्या केसांत आयुष्यभराचा कापूस होता. एक बदक आलं, बाकाच्या पाठीवर चढलं आणि शांतपणे चोचीने तो एकेक पुंजका काढायला लागलं, घरट्यासाठी. तुम्ही हसाल, पण तसंच झालं. त्यांनी हाकललं नाही. मोकळं वाटत असावं.

वारा आला, पाण्यावर सुरकुत्या पडल्या, मोडल्या. सासूबाईंचे हात केव्हा थांबले ते सूनबाईला दिसलंच नाही, दिसलं तेव्हा ते थांबलेले होते.

‘मालकाला सुट्टी कोण देतं गं?’ बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

‘मालकाला कोण कशाला देईल? त्याला हवी तेव्हा घेता येते.’

‘हो ना,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मग मी का नाही घेतली कधी?’

सूनबाई पाण्याकडे बघत राहिली. त्यांना उत्तर नको होतं, आणि सुट्टीत कारण कुणी कुणाला विचारू नये.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला बसवलं. मतं मागवलीयत ना? मग हे घे माझं. पगार तारखेला द्यावा, ठीक आहे. चिठ्ठीही ठीक, फक्त शेरा लिहायला जागा मोठी ठेवावी. सुट्टी द्यावी. कारण विचारू नये, हेही बरोबर आहे. पण मालकाला अंदाज लावायची परवानगी असावी, नाहीतर मालक मरेल. नणंदेने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि म्हणे खरंच पाठवलं. नियमांचं पुढे काय झालं? चर्चा चालू आहे म्हणतात.

दुकानात मात्र चर्चा झाली नाही. पगार तारखेला होत राहिला आणि सूनबाईची दुपार सूनबाईचीच राहिली. सासूबाईंनीही स्वतःला अर्धा दिवस मंजूर केला, आणि निवडून नेमका तोच वार घेतला. पण त्या सुनेच्या बाकावर बसायच्या नाहीत. सुट्टीत मालकाच्या शेजारी कोण बसेल, असं म्हणून त्या तळ्याच्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसायच्या. जाताना दोघी एकमेकींना सांगायच्याही नाहीत, कुठे निघालो ते.

आता एवढं सगळं खरं सांगितलंय, तर एक कबूल करून टाकते. पलीकडे दुसरा बाक नव्हता. तिथे बाक एकच. या टोकाला सासू, त्या टोकाला सून, आणि मध्ये बदक.

बदक खरं आहे.